आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारण (आयपीई) : विद्यापीठात हा विषय नक्की कसा अभ्यासायचा?

तळटीप

या मंचावरच्या शिष्यवृत्तीच्या धाग्यावर 'आयपीई घेऊ का, त्यात काय शिकवतात, गणित लागतं का' असे प्रश्न साचत चाललेत. तिकडची चर्चा अडू नये म्हणून हा वेगळा धागा. प्रवेश, फी, व्हिसा नंतर बघू, आधी विषय.

हा विषय एका तक्रारीतून उभा राहिला. १९७० साली ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज यांनी लिहिलं की अर्थशास्त्रवाले सत्तेकडे बघत नाहीत, आंतरराष्ट्रीय संबंधवाले पैशाकडे बघत नाहीत आणि दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ३५ डॉलरला एक औंस सोनं ही डॉलरची गाठ सोडली. १९७३-७४ च्या हिवाळ्यात तेल चौपट महाग झालं. मग ही तक्रार कुणाला पटवून द्यावी लागली नाही.

पहिल्या सत्रात विद्यार्थी अडतात ते सिद्धांतांवर नाही, हत्यारांवर. वास्तववाद, उदारमतवाद, मार्क्सवाद ही त्रयी दोन आठवड्यांत पाठ होते. पण समोर रिझर्व्ह बँकेचा व्यवहारतोलाचा (देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या व्यवहारांच्या हिशेबाचा) तक्ता ठेवला की बोलती बंद. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी तीन गोष्टी हाताखालून घालाव्यात.

पहिली, व्यवहारतोल. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोनदा होते, हे कागदावर करून बघा. पुण्यातल्या कंपनीने अमेरिकेला सॉफ्टवेअर सेवा विकली आणि डॉलर तिच्या परदेशी खात्यात जमा झाले: सेवा निर्यात ही जमा बाजू, परदेशी मालमत्ता वाढली ही नावे बाजू. दुबईहून घरी आलेले पैसे चालू खात्यात, पण परदेशी कंपनीने इथे कारखाना काढला तर ते वित्तीय खात्यात. असे वीस व्यवहार लिहून काढले की चालू खात्यातली तूट म्हणजे 'तोटा' नव्हे हे आपोआप कळतं. एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो: आपल्या तक्त्यांत परकीय चलनाची गंगाजळी वाढली की आकड्यापुढे उणे चिन्ह असतं. 'वाढ (-) / घट (+)' असं तिथेच लिहिलेलं असतं, पण ते न वाचता 'गंगाजळी आटली' असं लिहून निबंधाचा पायाच उखडलेला दरवर्षी दिसतो.

दुसरी, तिहेरी कोंडी (ट्रायलेमा). स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतःचा व्याजदर ठरवायची मोकळीक, या तिन्हींतल्या दोनच एका वेळी मिळतात. नुसतं त्रिकोण काढून सोडू नका, देश बसवून बघा. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये रिंगिट डॉलरला ३.८० वर बांधला, व्याजदर उतरवले आणि त्यासाठी भांडवलावर निर्बंध घातले. कोणता कोपरा सोडला ते दिसतं. मग खरा आयपीईचा प्रश्न येतो: तो कोपरा सोडल्याची किंमत देशात कुणी मोजली?

तिसरी, कराराचं कलम वाचता येणं. वर्तमानपत्रातली बातमी नाही, मूळ कलम. याचं उदाहरण खाली कुणीतरी देईलच.

उंबरठा

छान धागा. राज्यशास्त्राची पदवी आहे, गणित दहावीनंतर सुटलं. नेमकं किती लागतं? काही जण म्हणतात अजिबात नाही, काही म्हणतात त्याशिवाय प्रवेशच घेऊ नका.

गणिती मांजर

दोघंही आपापल्या विद्यापीठापुरते बरोबर. कुठे शिकणार त्यावर आहे. पण कुठेही गेलात तरी एवढं हवंच:

टक्केवारी आणि टक्केबिंदू यांतला फरक. ४० टक्के शुल्क २० टक्क्यांवर आलं, तर घट २० टक्केबिंदूंची, पण ५० टक्क्यांची. हे चुकलं की परीक्षक पुढचं वाचताना हात आखडता घेतो.

मागणी-पुरवठ्याच्या आकृतीवर आयात शुल्क, कोटा, निर्यातबंदी काढून दाखवणं. कोणता भाव कुठे सरकला, ग्राहकाला किती, उत्पादकाला किती, सरकारला किती आणि कुणालाच न मिळालेला त्रिकोण कोणता. दहावीचं गणित पुरतं. निर्यातबंदीत सरकारला छदाम मिळत नाही, निर्यात शुल्कात मिळतो; एवढ्या एका फरकावरून अर्धं राजकारण उलगडतं.

प्रतिगमनाचा (रिग्रेशन, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायची सांख्यिकी पद्धत) तक्ता वाचणं. गुणांक, त्याखाली कंसात प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता. गुणांक त्रुटीच्या साधारण दुपटीहून मोठा असेल तरच त्यावर बोलायचं. चलांपुढे 'लॉग' असेल तर अर्थ टक्क्यांत लावायचा. व्यापाराच्या गुरुत्वाकर्षण प्रतिमानात (अर्थव्यवस्था मोठ्या तर व्यापार जास्त, अंतर जास्त तर कमी) अंतराचा गुणांक उणे एकच्या आसपास येतो, म्हणजे अंतर एक टक्का वाढलं की व्यापार सुमारे एक टक्का कमी. शून्य व्यापाराचा लॉग निघत नाही, म्हणून कित्येक जण शून्याच्या ओळी गुपचूप गाळतात आणि निष्कर्ष वाकडा होतो. लेख वाचताना 'शून्यांचं काय केलं?' हे विचारायची सवय लावा, निम्मे लेख तिथेच सैल पडतात.

कलन, मॅट्रिक्स वगैरे पीएचडीला बघू. आठवड्याला पाच तास दिले तर वरचं सगळं तीन महिन्यांत होतं.

जुनी पाटी

मांजरांनी सांगितलं ते अमेरिकी वळणाच्या विभागांना जास्त लागू. या विषयात दोन घराणी आहेत आणि प्रवेश घेण्यापूर्वी आपण कुठल्या घरात चाललोय ते ओळखावं. अमेरिकी घराण्यात गृहीतक, विदा (डेटा), चाचणी. हितसंबंध कोणाचे, संस्था ते कसे गाळतात, देश वाटाघाटीला बसतात तेव्हा काय होतं, अशा पायऱ्या. ब्रिटिश घराण्यात इतिहास, सत्ता, आणि 'ही चौकट कुणासाठी आहे' हा प्रश्न. अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांचं १९८१ चं वाक्य तिथे सतत कानावर येतं, की सिद्धांत नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. अभ्यासक्रमाच्या वाचनयादीत नियतकालिकांतले लेख जास्त आणि तक्ते भरपूर, तर पहिलं घर. जाडजूड ग्रंथांची प्रकरणं आणि विसाव्या शतकाचा इतिहास, तर दुसरं. विभागाच्या संकेतस्थळावरची यादी दहा मिनिटं चाळली की कळतं. माहितीपुस्तिकेतल्या गोड वाक्यांवरून काही कळत नाही.

स्ट्रेंजबाईंचं दुसरं देणं म्हणजे संरचनात्मक सत्ता. सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान या चार चौकटी ज्याच्या हातात, त्याला दमदाटी करावी लागत नाही. बाकीचे त्याच्या चौकटीतच पर्याय निवडतात.

याचं आपल्याकडचं उदाहरण कुणी वापरत नाही याचं नवल वाटतं. जुलै १९४४, अमेरिकेतलं ब्रेटन वुड्स, युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवणारी परिषद, ४४ देश. भारताच्या शिष्टमंडळात तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे भारताचं पौंडांतलं येणं साचलं होतं, युद्ध संपेपर्यंत सुमारे १३० कोटी पौंड. त्यांतला काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत मोकळा व्हावा, अशी मागणी भारताने तिथे मांडली. ती फेटाळली गेली. हा प्रश्न निधीच्या कक्षेबाहेर, दोन देशांनी आपसात बघावा असं ठरलं. म्हणजे भारत सावकार, ब्रिटन देणेकरी, आणि तरी वसुलीच्या अटी देणेकऱ्याच्या सोयीच्या. 'धनको म्हणजे बलवान' या सरळ समजुतीला छेद देणारा विषय हवा असेल तर तीन हजार शब्दांचा निबंध इथे तयार आहे.

आणि नावाबद्दल. आपल्याकडे अभ्यासक्रमांत 'राजकीय अर्थव्यवस्था' छापतात. अर्थव्यवस्था ही वस्तू झाली. इथे अभ्यास होतो तो करण्याचा. तळटीप यांनी 'अर्थकारण' वापरलं ते योग्य. पण परीक्षेत मात्र अभ्यासक्रमात छापलेलाच शब्द लिहावा.

उंबरठा

घराण्यांचं कळलं. पण निबंधाला विषय कसा काढायचा? 'जागतिकीकरण आणि भारत' लिहिलं तर परत आलं, शेरा: 'प्रश्न कुठे आहे?'

चाळीतला कांदा

शेरा बरोबर आहे. विषय म्हणजे प्रश्न नव्हे. नाशिक जिल्ह्यातला कांदा घ्या, प्रश्न ढिगाने पडलाय. तारखा आधी:

१९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग पुढे वाढवलेली. एप्रिलअखेर सरकारी परवानगीने सहा देशांना सुमारे ९९ हजार टन आणि गुजरातचा पांढरा कांदा २ हजार टन. ४ मेला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

आता कोडं. अर्थतज्ज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सांगितलं की लहान, एकवटलेला गट संघटित होतो आणि मोठा, विखुरलेला गट हरतो. इथे कांदा उत्पादक मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेले आणि खाणारे देशभर पसरलेले. तरी हरले उत्पादक. ओल्सन उलटा पडला. का, हा निबंध.

टाचणी

ओल्सन उलटा पडलेला नाही, घाईत वाचला गेलाय. त्यांचा मुद्दा गावांच्या दाटीचा नसून गटातल्या डोक्यांच्या संख्येचा आणि एकत्र येण्याच्या खर्चाचा आहे. लाखो लहान शेतकरी, प्रत्येकाकडे दोन-चार ट्रॉल्या माल, हा ओल्सनच्या हिशेबात हरणाराच गट. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट बेट्स यांनी १९८१ मध्ये आफ्रिकेतल्या शेतीबद्दल हेच तर्कशास्त्र वापरून दाखवलं: शहरी ग्राहक संख्येने कमी असले तरी राजधानीत, एका ठिकाणी, रस्त्यावर उतरायला सोपे. शेतकरी विखुरलेला. भाव दाबणं सरकारला परवडतं. म्हणून 'सिद्धांत फसला' असं लिहिण्याआधी सिद्धांत नेमका काय म्हणतो ते तपासा. विद्यार्थ्यांचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

दुसरं, निवडणुकीचं स्पष्टीकरण. प्रत्येक निबंधात असतं. बंदी ४ मेला उठली आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं, हे जुळतंय. पण बंदी घातली कधी? मध्य प्रदेश, राजस्थान, तेलंगणाचे निकाल ३ डिसेंबरला लागले, बंदी त्यानंतर पाच दिवसांनी. त्या राज्यांसाठी घातली म्हणावं तर उशीर झालाय. लोकसभेसाठी म्हणावं तर चालेल, पण मग आधीच्या बंद्याही तपासा: २९ सप्टेंबर २०१९ आणि १४ सप्टेंबर २०२०. पहिलीनंतर महाराष्ट्र-हरियाणाची निवडणूक होती, दुसरीनंतर बिहारची. जुळलं म्हणून उड्या मारू नका. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने असे, की साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो आणि लाल कांदा पुरेसा उतरलेला नसतो. भाव दरवर्षी तेव्हाच चढतात. आपल्याकडे निवडणुकाही बऱ्याचदा तेव्हाच. दोन कारणं एकाच महिन्यात राहत असतील तर त्यांना वेगळं कसं करणार, हे सांगितल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. भाव चढले पण निवडणूक नव्हती, आणि निवडणूक होती पण भाव चढले नव्हते, अशी वर्षं शोधा.

चाळीतला कांदा

मान्य. बेट्स यांचा मुद्दा निसटला होता. मे महिन्याचंही तेच: उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये उतरतो, आवक वाढलेली असते, तेव्हा बंदी उठवणं तसंही सोपं.

गव्हाण

कांद्याचं एकट्याचं बघू नका, शेजारी ऊस ठेवा. मग खरी मजा.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, साखर कमी पडेल म्हणून. कांदा निर्यातबंदी त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही निर्णय शहरी भावासाठी, दोन्हींचा फटका महाराष्ट्राला. १५ डिसेंबरला इथेनॉलचा निर्णय मागे आला: रस आणि बी-हेवी (साखरेचा अंश जास्त उरलेली) मळी दोन्हींना मिळून १७ लाख टन साखरेइतकी मुभा. उसाला आठ दिवस, कांद्याला पाच महिने. सरकार तेच, आठवडा तोच, पुष्कळदा जिल्हाही तोच.

फरक मालात आहे. तोडलेला ऊस साठवता येत नाही आणि जवळच्या कारखान्याशिवाय कुठे जात नाही. त्यामुळे हजारो सभासद एका कारखान्याच्या गव्हाणीशी (ऊस टाकायच्या जागेशी) बांधलेले, कारखान्याला निवडून आलेलं संचालक मंडळ, मंडळावर पुढारी, वर राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरचे संघ. फोन कुणी कुणाला करायचा हे ठरलेलं. कांद्याचं काय? बाजार समितीत लिलाव, प्रत्येक ट्रॉलीचा भाव वेगळा, माल चाळीत टाकून थांबायची सोय. लिलाव बंद पाडायची ताकद असलीच तर व्यापाऱ्यांकडे.

आता सिद्धांत इथे लावून बघा. जमीन, श्रम, भांडवल असे घटक धरून हितसंबंध काढणारं प्रतिमान ऊसवाला आणि कांदेवाला यांना एकाच गटात टाकतं. दोघांकडे जमीन, दोघांना मुक्त निर्यात हवी. त्यातून आठ दिवस आणि पाच महिने यांतलं अंतर निघत नाही. क्षेत्रनिहाय (प्रत्येक पिकाचे-उद्योगाचे हितसंबंध वेगळे धरणारं) प्रतिमान थोडं पुढे नेतं. बाकीचं संघटनेने भरून काढावं लागतं.

टाचणी

याला म्हणतात प्रश्न. फक्त एक छिद्र बुजवा: साखर निर्यातीवर जून २०२२ पासून निर्बंध होतेच. म्हणजे 'ऊस जिंकला' असं सरसकट नाही. इथेनॉलच्या निर्णयात जिंकला, निर्यातीत नाही. का? बहुधा इथेनॉलमागे तेल कंपन्यांचं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आणि कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेल्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) होत्या; निर्यातीच्या बाजूला दुसरं कुणी उभं नव्हतं. हे 'बहुधा' तपासायला वाव आहे, तोच तुमचा निबंध.

तळटीप

वर कलम वाचण्याबद्दल म्हटलं होतं, कांद्यावरच ते दाखवतो. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचं ११ वं कलम आयात-निर्यातीवर संख्यात्मक बंधनं घालायला मनाई करतं. विद्यार्थी इथवर वाचतात आणि 'भारताने नियम मोडला' लिहितात. त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात (अ) खाली अपवाद आहे: अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी चालते. 'गंभीर' आणि 'तात्पुरती' या दोन शब्दांवर सगळं भांडण.

आता जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराचं १२ वं कलम उघडा. अशी बंदी घालण्यापूर्वी आयातदार देशांचा विचार करावा, आगाऊ कळवावं, मागितल्यास सल्लामसलत करावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे. इथे पुन्हा घाई नडते, कारण वाक्य पुढे चालू राहतं: जो विकसनशील देश त्या विशिष्ट अन्नपदार्थाचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला सूट नाही. कांद्यात आपण कोण आहोत हे सांगायला नको. आणि निर्यात शुल्काला ११ वं कलम लागूच होत नाही, ते कर-शुल्कांना वगळतं. म्हणून बंदीऐवजी ४० टक्के शुल्क हा कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित रस्ता, परिणाम जवळपास तोच.

गव्हाण

कायद्याचं निघालंच आहे तर साखरेचा खटला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला विरुद्ध भारत; तक्रार अशी, की भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाचा निकाल डिसेंबर २०२१, भारताच्या विरोधात. हिशेब कसा होतो ते करून बघा, एका पानाचं काम आहे.

आधाराची रक्कम = (सरकारने ठरवलेला भाव − १९८६-८८ चा स्थिर संदर्भ भाव) × पात्र उत्पादन. विकसनशील देशाला मर्यादा त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान भाव) टनाला ३००० रुपये, संदर्भ भाव १५० रुपये. फरक २८५०. सगळा ऊस पात्र धरला आणि बाजारमूल्यही ३००० धरलं तर आधार निघतो ९५ टक्के. मर्यादा १०. एफआरपी थोडी कमी केली तरी काही फरक पडत नाही, कारण खरी भानगड त्या १९८६-८८ मध्ये गोठवलेल्या रुपयांतल्या भावात आहे. चलनवाढ, रुपयाची घसरण, काहीच धरलं जात नाही.

भारताचं म्हणणं असं, की एफआरपी कारखाने देतात, सरकार एक कांडंही विकत घेत नाही, म्हणून पात्र उत्पादन शून्य. मंडळाने ते मानलं नाही. भाव सरकारने बंधनकारक केला एवढं त्यांना पुरलं. निकाल आला आणि भारताने अपील केलं. अपील ऐकणार कोण? अमेरिकेने नेमणुका अडवल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद. निकाल लटकला. याला 'पोकळीत अपील' म्हणतात.

तांदळाचं वेगळं आहे, तिथे सरकार स्वतः खरेदी करतं. २०१८-१९ साठी भारताने स्वतःच कळवलं: उत्पादनमूल्य सुमारे ४३६७ कोटी डॉलर, आधार सुमारे ५०० कोटी. भागाकार करा, ११ टक्क्यांच्या वर जातं. तिथे २०१३ च्या बाली परिषदेतली शांतता तरतूद (अन्नसाठ्याच्या खरेदीत मर्यादा ओलांडली तरी खटला नाही) पुढे केली. एकाच सूत्रात साखरेला रुपये आणि तांदळाला डॉलर का, हे विचारलंत तर तोंडी परीक्षेत समोरचे सावरून बसतील.

सांजवेळ

आकडे कुठून घ्यायचे? कांद्याची संयुक्त अरब अमिरातीला झालेली निर्यात काढली तर भारताचा आकडा एक, त्यांचा आयातीचा आकडा भलताच. दोन्ही अधिकृत.

गणिती मांजर

दोन्ही बरोबर असू शकतात. या क्रमाने तपासा.

वर्ष: आपल्या वाणिज्य मंत्रालयाची विदा एप्रिल ते मार्च. संयुक्त राष्ट्रांची कॉमट्रेड जानेवारी ते डिसेंबर. २०२३-२४ आणि २०२३ यांची तुलना म्हणजे आंबे आणि कोयी. मासिक आकडे घेऊन स्वतः बेरीज करा. डिसेंबरमध्ये बंदी आलेली असताना हा फरक जीवघेणा आहे.

किंमत: निर्यातदार जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत लिहितो, आयातदार त्यात वाहतूक आणि विमा धरतो. कांद्यासारख्या स्वस्त, जड मालात हे अंतर मोठं. म्हणून मूल्य सोडून वजन जुळवून बघा.

पुनर्निर्यात: दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरलेला माल सगळा तिथे खाल्ला जात नाही. कोणत्या देशाने काय धरलं ते त्या देशाच्या टिपणात असतं.

संकेतांक, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक: पहिले सहा अंक जगभर सारखे, आठ अंक आपले आपण. कांद्यासाठी ०७०३१०, त्यात छोटे शॅलटही येतात. साखर १७०१. ही वर्गवारी २०१२, २०१७, २०२२ मध्ये बदलली. लांब कालखंड घेत असाल तर जुळणी तक्ता वापरल्याशिवाय बेरीज करू नका. आणि उतरवून घेतलेल्या फाइलवर तारीख टाका. आकडे मागाहून सुधारले जातात, मार्गदर्शकाने सहा महिन्यांनी उघडून पाहिलं तर तुमचा आकडा तिथे नसतो.

एक्सेलमध्ये संकेतांकाचा रकाना 'मजकूर' करा, नाहीतर पुढचं शून्य उडतं आणि ०७०३१० चं ७०३१० होतं. हसू नका. जोडणीत त्या ओळी गळतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहाटतारा

यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय) घेतलंय. हेच वाचन तिथे चालेल का?

जुनी पाटी

साहित्य चालेल, लिहिण्याची पद्धत नाही. तिथे दुसऱ्या पेपरात ब्रेटन वुड्स ते जागतिक व्यापार संघटना, समाजवादी देशांची आर्थिक संघटना कोमेकॉन, नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेची तिसऱ्या जगाची मागणी आणि जागतिकीकरण असा पट्टा आहे. १९६४ ची अंक्टाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद), तिसऱ्या जगाच्या त्या मागणीचा १ मे १९७४ चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव, नाणेनिधीतली ८५ टक्के बहुमताची अट आणि त्यामुळे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं असलेल्या अमेरिकेला मिळणारा नकाराधिकार, हे तिथे नेमकं लागतं. मोजक्या शब्दांत दोन्ही बाजू आणि समतोल शेवट. विद्यापीठात समतोल शेवटाला गुण नाहीत. 'वास्तववादही बरोबर, उदारमतवादही बरोबर, मार्क्सवादही बरोबर' असा निबंध म्हणजे परीक्षकाला नैवेद्य दाखवून ताट परत नेणं. दोन स्पर्धक स्पष्टीकरणं घ्या, कोणता पुरावा एकाला मारेल ते आधी लिहा, मग पुरावा बघा.

नेट देणाऱ्यांसाठी: राज्यशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या घटकात हा भाग आहे, तिथे वर्षं आणि संस्था पाठ हव्यातच.

सातासमुद्रापार

प्रवेशाचं कुणी बोलत नाहीये म्हणून थोडक्यात. भारतात या नावाची स्वतंत्र पदवी फारशी नाही; राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एमएमध्ये एखादा पेपर असतो. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजला सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून जाता येतं. तिथेच व्यापार आणि विकासाचं केंद्र आहे, पण त्याच्या एमएला अर्थशास्त्राची बैठक लागते.

ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई) आणि वॉरिक विद्यापीठ इथे थेट या नावाची पदव्युत्तर पदवी आहे, एका वर्षाची. एक वर्ष म्हणजे प्रत्यक्षात शिकवणं दोन सत्रं, मग परीक्षा, मग प्रबंध. विषय शोधायला तिथे वेळ नाही, तो घेऊनच जा. जर्मनीत कासेल विद्यापीठात जागतिक राजकीय अर्थकारण आणि विकास असा इंग्रजी माध्यमाचा एमए आहे. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) लागतं, ते अर्जाच्या कितीतरी आधी मागवा. आणि गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात वर्षभराच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, २०२५ मध्ये ते ११,९०४ युरो होते. हा आकडा मधूनमधून वाढतो, दूतावासाच्या पानावर बघूनच पैसे भरा.

पैशाबद्दल: ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी परतावं लागतं. जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. नावातल्या शिष्यवृत्तीवर जाऊ नका. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन वगळलं गेलं. म्हणजे वरचा सगळा कांदा-ऊस तिथे प्रस्तावात लिहिलात तर अर्ज अडू शकतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची मार्गदर्शक तत्त्वं ओळन् ओळ वाचा.

उद्देशपत्रात 'लहानपणापासून जागतिक घडामोडींची आवड' हे वाक्य टाळा. एक कोडं, दोन उत्तरं, त्या विभागातल्या कुणाचं काम त्याला लागतं. एवढं पुरे.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. ऊस विरुद्ध कांदा, डिसेंबर २०२३, हेच घेतो. एक शंका: कांद्याची पावडर, वाळवलेले काप वगैरे बंदीत येत होते का? आकड्यांत ते धरायचे की नाही?

चाळीतला कांदा

वाळवलेल्या कांद्याचा संकेतांकच वेगळा, ०७१२२०. ०७०३१० मध्ये तो येणारच नाही, मुद्दाम धरू नका. पण बाजूला वेगळी मालिका काढून ठेवा. गुजरातेत महुव्याला वाळवणीचे कारखाने आहेत आणि त्यांना पांढरा कांदा लागतो. बंदी असताना एप्रिलमध्ये २ हजार टनांची वेगळी परवानगी पांढऱ्याच कांद्याला का मिळाली, हे तपासताना ती मालिका लागेल.